तांब्याच्या शहरात विल्सन आजारासोबत

मला विल्सन आजार आहे. साधारण ३०,००० लोकांमागे एकाला होणारा हा आनुवंशिक आजार असून त्यात अन्नातून आलेले जादा तांबे शरीराला बाहेर टाकता येत नाही. निदान झाले तेव्हा मी नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आता सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करते, संसार करते, एका मुलाची आई आहे आणि रोज दोन वेळा, उपाशीपोटी, न चुकता औषध घेते. हे औषध आहे म्हणून बाकीचे सगळे आहे, हे मला सुरुवातीलाच सांगावेसे वाटते, कारण दुर्मीळ आजार म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी हताशा येते ती आमच्या आजाराच्या बाबतीत खरी नाही. नेमके औषध उपलब्ध असलेले दुर्मीळ आजार थोडे आहेत आणि हा त्यांपैकी एक आहे. आमच्यातले जे रुग्ण दगावतात किंवा कायमचे अंथरुणाला खिळतात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा आजाराचा संशय वेळेवर आलेला नसतो किंवा बरे वाटू लागल्यावर औषध सुटलेले असते. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

तांबे प्रत्येकाच्याच शरीराला लागते, पण अगदी थोडे. रोजच्या जेवणातून १ ते २ मिलिग्रॅम तांबे पोटात जाते, त्यातले गरजेपुरते वापरले जाते आणि उरलेले यकृत पित्तावाटे आतड्यात सोडून देते. हे काम करणारे प्रथिन एटीपी७बी या जनुकाच्या आधारे तयार होते. तेराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९३ मध्ये सापडले. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची सदोष प्रत मुलाकडे आली तरच आजार होतो. एकच सदोष प्रत असलेली माणसे वाहक असतात आणि त्यांना स्वतःला आजार होत नाही. सुमारे ९० माणसांमागे एक जण असा वाहक असतो असे मानले जाते. आमच्यासारख्यांच्या शरीरात मात्र मोरी तुंबल्यावर पाणी घरभर पसरावे त्याप्रमाणे तांबे आधी यकृतात साचते आणि मग रक्तावाटे मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडांत आणि सांध्यांत उतरते. ही साठवण जन्मापासूनच चालू असली तरी लक्षणे बहुधा ५ ते ३५ या वयात दिसू लागतात, त्यामुळे शाळा-कॉलेजातली मुलेच यात अधिक सापडतात.

माझे आई-बाबा नात्याने आते-मामे भावंडे आहेत. आजी ही आईची सख्खी आत्या. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी भावाची मुलगी सून म्हणून आणणे ही कौतुकाची गोष्ट होती आणि आजही अनेक घरांत आहे. डॉक्टरांनी कागदावर चौकटी काढून आनुवंशिकतेचे गणित समजावून सांगितले तेव्हा आजी समोरच बसलेली होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, एकही प्रश्न विचारला नाही, आणि घरी येताना रिक्षात आईचा हात सोडला नाही. नात्यात लग्न झाले की दोघांकडे एकाच पूर्वजाची सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण नात्यागोत्याचा काहीही संबंध नसलेल्या आई-वडिलांच्या मुलांनाही हा आजार होतो, हेही तितकेच खरे आहे. दुसरे वाक्य डॉक्टरांनी आजीकडे बघून मुद्दाम दोनदा सांगितले, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी राहीन.

माझ्या बाबतीत पहिली खूण बारावीत असतानाच मिळाली होती. कावीळ झाली, डोळे पिवळे पडले, पायांवर थोडी सूज आली. दूषित पाण्याने होणाऱ्या काविळीच्या तपासण्या केल्या, त्या निर्दोष आल्या. तरीही पावसाळ्याचे दिवस असल्याने सगळ्यांनी पाण्यालाच दोष दिला आणि महिना-दीड महिन्यात कावीळ उतरल्यावर तो विषय संपला. तरुण मुलाला किंवा मुलीला कावीळ झाली आणि विषाणूच्या तपासण्यांत काही निघाले नाही, तर तांब्याची एक साधी तपासणी करून घ्यावी असे मला फार वाटते. ती तेव्हाच झाली असती तर माझ्या मेंदूपर्यंत हे प्रकरण पोहोचले नसते.

त्यानंतर दोन वर्षांनी अक्षर बिघडू लागले. माझे अक्षर चांगले होते आणि ताळेबंदाच्या वह्या मी पट्टीने आखून लिहीत असे. त्याच वह्यांमध्ये आकडे हळूहळू लहान होत गेले. पानाच्या वरच्या भागात रकान्यात नीट बसलेले आकडे खाली येईपर्यंत इतके बारीक आणि एकमेकांत अडकलेले असत की बेरीज माझी मलाच वाचता येत नसे. आठाचा आकडा पूर्ण मिटत नसे, वर एक फट राहून जाई. मग लिहिताना खाली वाकले की ओठांच्या कोपऱ्यातून लाळ कागदावर पडू लागली. बोलणे जड झाले, शब्द तोंडातच रेंगाळू लागले, तोंडी परीक्षेत उत्तर येत असून ते परीक्षकांपर्यंत पोहोचत नव्हते. स्वभावही बदलला. क्षुल्लक गोष्टींवरून रडू येई, आईवर ओरडून होई, आणि नंतर त्याचे स्पष्टीकरण देता येत नसे. एका डॉक्टरांनी हे सारे अभ्यासाचे टेन्शन असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी मनाच्या आजाराचे औषध सुरू केले आणि त्याने हातापायांचा ताठरपणा आणखीनच वाढला. विल्सनच्या रुग्णांना अशी काही औषधे सोसत नाहीत हे मला फार नंतर कळले. त्या काळात घरात मला ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘बाहेरचे काही लागले आहे’ अशी अनेक निदाने मिळाली. बोलणारी माणसे माझ्यावर जिवापाड प्रेम करणारी होती आणि माझ्याइतकीच घाबरलेली होती, म्हणून त्यांच्याविषयी मनात काही उरलेले नाही.

अखेर महात्मानगरजवळच्या एका न्यूरॉलॉजिस्टांकडे गेलो. त्यांनी मला नाक आणि त्यांचे बोट आळीपाळीने शिवायला लावले, एक वाक्य लिहून घेतले, ते कितीतरी वेळ पाहिले आणि मग आईला विचारले, “हिला आधी कधी कावीळ झाली होती का?” हात आणि यकृत यांचा एकमेकांशी संबंध जोडणारा तो पहिला प्रश्न होता. त्याच दुपारी त्यांनी आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

स्लिट लॅम्पच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून आणि कपाळ पट्ट्याला लावून बसायचे असते. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची एक उभी, अरुंद रेघ बुबुळावरून सरकत जाते आणि डॉक्टर पलीकडून भिंगातून पाहतात. तपासणाऱ्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी भिंगाला मोबाइल लावून फोटो काढला आणि मला दाखवला. माझ्या डोळ्याच्या काळ्या भागाच्या अगदी कडेला, पारदर्शक पडद्याच्या आतल्या बाजूने, सोनेरी तपकिरी रंगाचा आणि किंचित हिरवट छटा असलेला पट्टा होता. वर आणि खाली रुंद, बाजूंना बारीक. आरशात तो मला कधीच दिसला नव्हता, कारण आपल्याकडच्या गडद डोळ्यांत तो नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही. ते तांबे होते. कायझर आणि फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी अनुक्रमे १९०२ आणि १९०३ मध्ये या कड्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्यांच्या मेंदूवर परिणाम झालेला असतो अशा बहुतेक विल्सन रुग्णांत हे कडे सापडते, आणि त्याने दृष्टीला काहीही होत नाही. उपचारांनी ते हळूहळू विरत जाते. माझे आता जवळपास गेले आहे.

पुढच्या तपासण्या सोप्या होत्या, फक्त त्या कुणाला तरी सुचायला हव्या होत्या. रक्तात तांबे वाहून नेणाऱ्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचे प्रमाण एरवी एका डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असते. माझे ६ आले. चोवीस तासांच्या लघवीतले तांबे १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की संशय बळावतो. माझे त्याच्या कितीतरी पट होते. सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसले आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागांत दोन्ही बाजूंना बदल दिसले. जनुकाची तपासणी मुंबईला झाली. त्यासाठी आणि नंतरच्या देखरेखीसाठी पंचवटी एक्स्प्रेसने केलेल्या प्रवासांत बाबा माझ्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत आणि मला मोठ्याने वाचायला लावत. माझ्या वाचेवरचा तो पहिला उपचार होता असे मी मानते.

चोवीस तासांची लघवी गोळा करणे हा प्रकार लिहायला कुणाला आवडत नाही, पण आमच्या आयुष्यात तो दरवर्षी येतो, म्हणून लिहिते. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि तेव्हापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतचा प्रत्येक थेंब प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायचा. कॅन त्यांचाच हवा, कारण घरच्या डब्याला धातूचा अंश असला तर आकडा चुकतो. त्या दिवशी घराबाहेर पडता येत नाही. कॅन उन्हापासून दूर, थंड जागी ठेवायचा असतो, आणि लहान घरात तो पाहुण्यांच्या नजरेआड कुठे ठेवायचा हा खरोखरीचा प्रश्न असतो. पहिल्यांदा हे करताना मला लाजेने रडू आले होते. आजीने पदर खोचला आणि कॅनवर आपले जुने लुगडे टाकून, “पोरी, औषधाला लाजायचं नसतं,” एवढेच म्हटले.

सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन या लंडनच्या मज्जातंतूतज्ज्ञाने १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो निश्चित मृत्यूचा आजार होता. पुढची कित्येक वर्षे रुग्णाला देण्यासारखे काहीच नव्हते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्नायूत टोचण्याची वेदनादायक इंजेक्शने आली, आणि १९५६ मध्ये जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी पेनिसिलामाईन हे तोंडाने घ्यायचे औषध सुचवले. पेनिसिलिनच्या विघटनातून मिळणारा हा पदार्थ शरीरातले तांबे धरून लघवीवाटे बाहेर काढतो. मी आजही तेच घेते. एखाद्या आजाराचा इतिहास वाचताना आपण नेमक्या कोणत्या सालानंतर जन्मलो म्हणून वाचलो हे कळणे, ही विलक्षण भावना आहे. मला ती वारंवार येते.

औषध सुरू झाल्यावर लगेच बरे वाटेल अशी घरच्यांची समजूत होती, परंतु मेंदूवर परिणाम झालेल्या काही रुग्णांत सुरुवातीला लक्षणे उलट वाढतात. माझी वाढली. पहिल्या काही आठवड्यांत मान एका बाजूला ओढली जाऊ लागली, घास गिळताना ठसका लागू लागला आणि आईने औषध थांबवू या असा धोशा लावला. डॉक्टरांनी आधीच याची कल्पना दिली होती आणि मात्रा अगदी थोडीथोडी वाढवत नेली, म्हणून आम्ही टिकलो. ज्यांना ही कल्पना दिली जात नाही ते इथेच औषध सोडतात. सोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी असते, कारण पेनिसिलामाईनमुळे शरीरातले हे जीवनसत्त्व कमी पडू शकते. शिवाय रक्तातल्या पेशी आणि लघवीतले प्रथिन यांवर नियमित लक्ष ठेवावे लागते. सुधारणा दिसायला कित्येक महिने लागले. वाचा परत आली, घास सरळ जाऊ लागला, मान सुटली. अक्षर पूर्वीसारखे झाले नाही. जाड पकडीचे पेन घेऊन मी लिहिते आणि दमले की हात अजूनही थोडा कापतो.

पेनिसिलामाईन जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे लागते, आणि लोहाच्या गोळ्या किंवा पित्तावरची औषधे त्यासोबत चालत नाहीत. वाचायला हे सोपे आहे. आपल्याकडच्या घरांत मात्र सकाळी उठल्याउठल्या चहा असतो, कुणाकडे गेले की चहा असतो, ऑफिसात अकराला आणि चारला चहा असतो, आणि ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्या सुनेबद्दल काय बोलले जाते हे मी सांगायला नको. माझ्या सासूबाईंनी यावर स्वतःच तोडगा काढला. त्या माझ्या औषधानंतर एक तासाने स्वतःचा चहा ठेवतात आणि आम्ही दोघी मिळून घेतो.

औषध मिळवणे हे वेगळे काम आहे. गल्लीतल्या औषध दुकानात ते नसते, आणि काही जण चिठ्ठी वाचून पेनिसिलिनच हाती ठेवतात. नाव दोनदा वाचून आणि पाकिटावर पाहून घेतल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरत नाही. नाशिककरांना गोळे कॉलनी माहीत आहेच. औषधांच्या ठोक बाजारात तिथल्या एका दुकानदारांकडे माझी मागणी कायमची नोंदवलेली आहे आणि साठा संपत आला की ते स्वतः फोन करतात. निदान दोन महिन्यांचे औषध घरात असावे असा माझा नियम आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुरवठा विस्कळीत झाला तेव्हा या नियमानेच मला तारले. ज्यांना एका वेळी महिन्याभराचेच औषध घेणे परवडते त्यांनी त्या दिवसांत काय केले असेल, हा विचार मला तेव्हाही छळत होता.

आता तांब्याविषयी. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे हे शहर आहे. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, आणि रामकुंडावर व त्र्यंबकेश्वरला येणारे यात्रेकरू परतताना तांब्याची पूजेची भांडी घेऊन जातात. आमच्या घरी आजी रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवी आणि सकाळी प्रत्येकाला एकेक भांडे प्यायला लावी. निदानानंतर माझा पहिला प्रश्न अर्थातच हा होता की त्या पाण्याने मला हे झाले का. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जनुके धडधाकट असलेल्या माणसाचे यकृत जादा तांबे बाहेर टाकते, आणि माझ्यासारखीचे यकृत तांब्याचे एकही भांडे नसलेल्या घरातसुद्धा ते साठवतच राहते. पण ज्याला बाहेर टाकताच येत नाही त्याच्या पोटात रोज भर घालणे चुकीचे आहे, म्हणून आम्हाला तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी आणि शिजवलेले अन्न कायमचे वर्ज्य असते. आंबट पदार्थांत तांबे अधिक उतरते. हे जुन्या बायकांना ठाऊकच होते. ताक तांब्याच्या भांड्यात कळकते म्हणून त्या भांड्यांना कल्हई करून घेत आणि कल्हई उडाली की त्यात आमटी शिजवत नसत. आजीने कळशी माळ्यावर टाकली आणि तीर्थासाठी आपल्या लग्नातले चांदीचे पंचपात्र बाहेर काढले. त्यानंतर आमच्या देवघरातले तीर्थ त्यातूनच दिले जाते.

बाबांच्या मनात वेगळीच शंका होती. आमची द्राक्षबाग आहे, आणि केवडा रोगासाठी द्राक्षावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग. लहानपणी मी फवारणीच्या दिवसांत बागेत खेळत असे, आणि आपल्या धंद्याने मुलगी आजारी पडली असे बाबांनी मनाशी ठरवून टाकले होते. ते बोलत नव्हते, पण जेवत नव्हते. फवारणीने विल्सन आजार होत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून कितीतरी वेळ चष्मा पुसला. मी द्राक्षे खाते. भरपूर पाण्याने धुऊन खाते, तेवढेच.

खाण्याच्या बाबतीत पहिले वर्ष कडक होते. प्राण्यांचे यकृत, कवचातले मासे, काजू आणि इतर सुका मेवा, चॉकलेट, मशरूम, तीळ यांत तांबे पुष्कळ असते. संक्रांतीला तिळगुळाऐवजी माझ्या हातावर साखरफुटाणे पडत. शरीरातले तांबे आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी थोडी ढील दिली. पथ्याने हा आजार बरा होत नाही, हे मात्र ठळकपणे लक्षात ठेवायला हवे. काही जण पथ्य इतके कसोशीने पाळतात की औषधाची गरज उरली नाही असे त्यांना वाटू लागते. शिवाय तांबे अनपेक्षित ठिकाणी असते. ताकदीसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत ते असते, त्यामुळे मी प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचते. यकृताच्या तक्रारींवर ताम्रभस्म दिले जाते. माझ्या मामांनी प्रेमापोटी एका वैद्यांकडे नेले होते. त्या वैद्यबाईंनी सगळे कागद नीट वाचले आणि “हिला ताम्रभस्म असलेले काहीही कुणाकडूनही घेऊ देऊ नका,” असे स्वतःच बजावले. बाळंतपणानंतर रुग्णालयात पाळणा लांबवण्यासाठी कॉपर-टीचा सल्ला सर्रास दिला जातो. विल्सन असलेल्या स्त्रीने ती बसवून घेऊ नये, आणि हे आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण त्या धावपळीत कुणी विचारत नाही.

माझे निदान झाल्यावर डॉक्टरांनी धाकट्या भावाला बोलावून घेतले. आई-वडील दोघेही वाहक असले की प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि म्हणून सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करायची असते. भाऊ तेव्हा नववीत होता, गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळून धापा टाकत घरी येणारा, एकाही दिवशी आजारी न पडलेला मुलगा. त्याचे सेरुलोप्लाझ्मिन माझ्याइतकेच कमी निघाले आणि यकृताच्या तपासण्याही बिघडलेल्या होत्या. डोळ्यांत कडे नव्हते, मेंदूला धक्का लागलेला नव्हता. त्याला जस्ताचे औषध सुरू केले. जस्तामुळे आतड्यांच्या पेशींत तांब्याला अडवून ठेवणारे एक प्रथिन वाढते, तांबे तिथेच अडकते आणि त्या पेशी गळून पडतात तेव्हा शौचावाटे निघून जाते. तो आज ठणठणीत आहे. कधी बोबडा झाला नाही, कधी त्याचे अक्षर बिघडले नाही.

तरीही मला वाटते की आमच्या दोघांत अवघड वाट त्याची आहे. मी औषध घेते तेव्हा लाळेने भिजलेले कागद मला आठवतात. त्याच्याकडे आठवायला काहीच नाही. ज्याला कधीच काही झाले नाही अशा माणसाने, मळमळ सोसून, दिवसातून तीन वेळा, जन्मभर एका अशा आजाराचे औषध घ्यायचे की जो त्याने फक्त कागदावर पाहिला आहे. मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागात आमच्यासोबत रांगेत असणारा मराठवाड्यातला एक मुलगा होता. चांगला सुधारला होता, नोकरीला लागला होता. नव्या गावात औषध मिळेना, तब्येत उत्तम होती, आणि एका नातेवाइकाने इतकी वर्षे गोळ्या खाल्ल्याने यकृत खराब होईल असे सांगितले. त्याने औषध सोडले. काही महिने काहीच झाले नाही. मग एकाएकी यकृत निकामी झाले. प्रत्यारोपणाने हा आजार मुळापासून जातो, कारण नव्या यकृतात निर्दोष जनुक असते. पण तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. त्याच्या आईने आम्हाला फोन करून कळवले, आणि माझ्या भावाचे नाव घेऊन त्याला औषध सोडू देऊ नका असे सांगितले. एवढ्या दुःखात त्यांना त्याची आठवण झाली. भाऊ तेव्हापासून डबी खिशात ठेवतो.

माझ्या लग्नाच्या वेळी स्थळांना काय सांगायचे यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. मी पहिल्याच भेटीत सगळे सांगायचे ठरवले. काही स्थळे गेली, ती जायलाच हवी होती. नवऱ्याने डॉक्टरांना भेटून स्वतः प्रश्न विचारले आणि मग होकार दिला. माझ्या प्रत्येक अपत्याकडे माझी एक सदोष प्रत जाणारच. पण जोडीदार वाहक असल्याखेरीज मुलाला आजार होत नाही, आणि जोडीदाराविषयी काही माहिती नसताना ही शक्यता साधारण २०० मध्ये १ एवढी असते. गरोदरपणात औषध थांबवणे आईच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे ते थांबवत नाहीत, देखरेखीखाली मात्रा कमी करतात. शेजारपाजारच्या बायकांनी “पोटुशी असताना एवढ्या गोळ्या?” असे विचारले तेव्हा उत्तरे सासूबाईच देत होत्या. माझा मुलगा तपासणीत निव्वळ वाहक निघाला. तो मोठा झाल्यावर, लग्नाच्या वयात आल्यावर, आम्ही त्याला हे सांगू.

गेल्या वर्षी भावालाही मुलगी झाली. तान्ह्या बाळांत सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असते, त्यामुळे त्या वयात ती तपासणी करून काही कळत नाही आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले होते. दरम्यान वहिनीच्या जनुकाची तपासणी केली. तिच्यात दोष सापडला नाही, म्हणजे मुलीला आजार असण्याची शक्यता फारच थोडी उरली. तरी ती मोठी झाली की एकदा तिचे रक्त तपासून घ्यायचे ठरले आहे, आणि त्या दिवसाची सुट्टी मी आताच ऑफिसात सांगून ठेवली आहे.